कोल्हापुरात पहिलं पिस्तूल निवडताना: रेंजपासून परवान्यापर्यंत

"कुठलं पिस्तूल घेऊ?" असं विचारणारे दोन तऱ्हेचे लोक मला भेटतात. पहिले म्हणजे मुलाला किंवा मुलीला नेमबाजीला घालायचं ठरवलेले पालक, किंवा नोकरी सांभाळून स्वतःच रेंजवर यायची इच्छा असणारे. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत ब्राँझ घेतल्यापासून हे जास्त विचारायला लागलेत. दुसरे म्हणजे धंद्याची रोकड घेऊन फिरणारे, किंवा ज्यांना कुणाची धमकी आलेली आहे असे. त्यांना रोज जवळ बाळगता येईल असं हत्यार हवं असतं.

दोघांनाही ओळखीचं कुणीतरी थेट मॉडेलचं नाव सांगून मोकळं होतं. पैसे गेल्यावर कळतं की ते हातात बसत नाही, किंवा ज्या कामासाठी घेतलं त्या कामाचंच नाही. मी एअर पिस्तुलावर सुरुवात केली आणि पुढे .३२ च्या, म्हणजे ०.३२ इंची नळीच्या हत्याराच्या, परवान्याचीही पायरी चढलो. त्या वाटेवर कुठल्या क्रमाने जावं ते इथे लिहितो. मॉडेल निवडण्याचा टप्पा यात बराच उशिरा येतो आणि तो तसाच यायला हवा.

१. आधी काम ठरवा

खेळासाठी लागणारं पिस्तूल आणि संरक्षणासाठी जवळ बाळगायचं हत्यार या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. एकात दोन्ही साधू असं म्हणणाऱ्याचं एकही साधत नाही.

नवख्याचा खेळ १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरू होतो. त्याची नळी ४.५ मिमीची असते आणि छर्रा, म्हणजे रेंजवरच्या भाषेत पेलेट, साधारण अर्ध्या ग्रॅमचं. ते दाबलेल्या हवेवर चालतं. कायद्याने ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल सहा ज्यूलच्या आसपासच असतं, त्यामुळे ते आरामात या सवलतीत बसतं.

संरक्षणाचं हत्यार म्हणजे सामान्य नागरिकासाठी बहुतेक वेळा .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. त्याला शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना हवा आणि वय २१ पूर्ण हवं. सिनेमात सगळ्यांच्या हातात दिसणारं ९ मिमी पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) मोडतं. ते सामान्य अर्जदाराला मिळत नाही, त्यामुळे त्याच्या चौकशीत वेळ घालवू नका.

तुमचं काम दुसऱ्या प्रकारचं असलं तरी काही महिने एअर पिस्तुलावर हात बसवा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तालमीत पहिल्याच दिवशी कुणी वस्तादांची जोडी फिरवायला देत नाही. इथे तर हातातली वस्तू जीव घेणारी आहे.

२. रेंज गाठा, पिस्तूल नंतर

कोल्हापूरकरांना या बाबतीत नशीबवानच म्हणायला हवं. दुधाळीची शूटिंग रेंज शहरातच आहे आणि विभागीय क्रीडा संकुलातही नेमबाजीची सोय आहे. याच शहराने तेजस्विनी सावंतसारखी नेमबाज दिली, जी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. पिस्तुलवाल्यांसाठी तर राही सरनोबतचं नाव जास्त जवळचं. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने सोनं जिंकलं.

रेंजवर पहिल्यांदा जाताना काही घेऊन जाऊ नका. ओळखपत्र, पायात सपाट तळाचे बूट आणि बसून बघायची तयारी एवढं पुरे. तासभर मागच्या बाकावर बसा आणि नेमबाज काय करतात ते पाहा. चांगल्या रेंजवर आवाज कमी असतो आणि शिस्त जास्त. कुणी पिस्तूल हातात घेऊन मागे वळलं आणि त्याला कुणी टोकलं नाही, तर ती रेंज सोडा. मग ती घराजवळ असो किंवा फी कमी असो.

प्रशिक्षकांना हे विचारा:

- क्लबची किती पिस्तुलं आहेत आणि नवख्याच्या वाट्याला किती वेळ येतं
- डावखुऱ्यांसाठी ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, आहे का
- पेलेट आणि टार्गेटचे पैसे फीमध्ये धरलेत की वेगळे
- पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये हवा भरायची सोय रेंजवरच आहे का

शेवटचा प्रश्न नवखे विचारतच नाहीत. स्वतःचं पिस्तूल घेतल्यावर मात्र सगळं त्यावरच अडतं.

पहिल्या दिवशी चार गोष्टी पाठ करा. नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेला ठेवायचं. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ. हातात आलेलं प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरून स्वतः उघडून पाहायचं. आणि "स्टॉप" ऐकू आलं की जे करत असाल ते तिथेच थांबवायचं. पिस्तूल खाली ठेवताना नळीतून रंगीत सेफ्टी फ्लॅग घालतात, म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. सराव संपला की साबणाने हात धुवा, त्याशिवाय डबा उघडू नका. पेलेट शिशाची असतात. लहान मुलांच्या बाबतीत हे पालकांनीच पाहावं.

३. डोळा कुठला, ते तपासा

दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा आणि तिच्यातून लांबचा एखादा दिवा पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने दिवा खिडकीत राहतो तो तुमचा प्रमुख डोळा. उजवा हात आणि उजवा डोळा जुळत असेल तर प्रश्नच नाही. हात उजवा आणि डोळा डावा असेल तर घाबरू नका, पण पिस्तूल किंवा ग्रिप घ्यायच्या आधी प्रशिक्षकांशी बोलून कुठल्या हाताने नेमबाजी करायची ते ठरवा. बहुतेक जण सवयीचा हात ठेवतात आणि नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर पट्टी लावतात. ही पट्टी स्पर्धेत ३० मिमीपर्यंत रुंद चालते. डोळा मिटून नेम धरू नका, चेहरा ताणला जातो आणि उघडा डोळाही थकतो.

चष्मा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मला हाताच्या अंतरावरची पुढची साईट, म्हणजे नेम धरायची पिस्तुलावरची खूण, स्पष्ट दिसायला हवी. टार्गेट धूसरच दिसायला हवं.

४. क्लबच्या पिस्तुलावर एवढं शिकून घ्या

नवख्याची सगळी धडपड हात स्थिर करण्यासाठी चाललेली असते. हात कुणाचाच स्थिर राहत नाही, अगदी ऑलिम्पिकवाल्याचाही. खरा खेळ पुढच्या आणि मागच्या साईटचा आहे, आणि तो आकड्यांत पाहिला की डोक्यात पक्का बसतो.

१० मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. समजा दोन्ही साईट एका रेषेत आहेत आणि तुमचा अख्खा हात ५ मिमी बाजूला सरकला. पेलेटही ५ मिमीच बाजूला लागेल, आणि पेलेटची स्वतःची जाडी धरता तुम्हाला दहाच मिळतील. आता उलट समजा. हात मधोमध आहे, पण ट्रिगर झटक्यात ओढल्यामुळे पुढची साईट मागच्या खाचेत फक्त १ मिमी कलली. दोन साईटमधलं अंतर साधारण ३३ सेंमी, टार्गेट १० मीटरवर. त्या १ मिमीचे तिकडे ३० मिमी होतात आणि गुण मिळतात सात. म्हणून प्रशिक्षक दिवसभर "साईट बघ, साईट बघ" म्हणून ओरडत असतात.

यातूनच पिस्तूल निवडण्याची कसोटी निघते. ज्या पिस्तुलात ट्रिगर ओढताना साईट हलत नाहीत ते तुमचं. ते कुठल्या कंपनीचं आहे हा नंतरचा भाग.

घरी पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय सराव, म्हणजे पेलेट न भरता सराव, करता येतो, पण क्लबचं पिस्तूल घरी मिळणार नाही. रेंजवरच रोज सुरुवातीचा काही वेळ पेलेट न भरता घालवा. कंटाळवाणं असतं, पण ज्यांनी केलंय त्यांच्या हाताकडे बघितल्यावर ओळखू येतं.

किती दिवस क्लबचं वापरायचं? लागोपाठ काही आठवडे तुमचे गट, म्हणजे टार्गेटवरची भोकं, एका जागी जमायला लागली आणि पिस्तुलाची एखादी ठरावीक गोष्ट तुम्हाला नाव घेऊन खटकायला लागली की समजा वेळ आली. "ग्रिपचा खालचा टेकू रुतायला लागलाय" असं म्हणणारा नवखा पिस्तूल घ्यायला तयार आहे. "मला भारी पिस्तूल हवं" म्हणणारा अजून नाही.

५. एअर पिस्तुलाचा प्रकार

बाजारात स्प्रिंगवर चालणारी स्वस्त एअर पिस्तुलं मिळतात. ती घेऊ नका. स्प्रिंग सुटताना पिस्तूल हातात उडी घेतं, ट्रिगर जड असतो आणि त्यावर लागलेल्या सवयी मोडायला पुढे वर्ष जातं. एका दट्ट्यात हवा भरणारी पिस्तुलं चांगली असतात, पण प्रत्येक शॉटला तरफ उघडून दाबावी लागते. लहान मुलांचा खांदा त्याने थकतो.

स्पर्धेत आज जवळपास सगळीकडे दिसतात ती सिलिंडरवाली. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरलेली असते आणि प्रत्येक शॉटला ती मोजून सुटते. नावं रेंजवर ऐकालच: ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, जर्मनीची वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, इटलीचं पार्डिनी. यातलं कुठलंही नवं पिस्तूल लाखाच्या वर जातं, आणि खरं सांगायचं तर यातलं कुठलंही पिस्तूल तुमच्या हातापेक्षा चांगलंच असतं. दर्जाचा विचार करून झोप घालवू नका. तीन गोष्टी पाहा.

पहिली, तुमच्या रेंजवर ते आणखी कोण वापरतं. सील गळायला लागलं तर दुरुस्ती माहीत असलेला माणूस आणि सुटा भाग जवळ हवा.

दुसरी, ट्रिगर यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक. मोरिनीच्या सीएम १६२ मध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मिळतो, तो गुळगुळीत असतो यात शंका नाही. पण पहिल्या पिस्तुलाला मी यांत्रिकच सुचवेन. बिघडला तर कारण डोळ्यांना दिसतं आणि बॅटरीवर स्पर्धा अडत नाही.

तिसरी, स्पर्धेच्या मापात बसतं का. १० मीटर एअर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं, ते ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या पेटीत मावायला हवं आणि ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम हवं. ट्रिगर बरोबर ५०० वर लावू नका, थोडा वर ठेवा. तपासणीच्या टेबलावर ट्रिगरला अडकवलेलं ५०० ग्रॅमचं वजन उचललं गेलं नाही तर तुमची सगळी तयारी तिथेच हलते.

लहान चणीच्या मुलामुलींसाठी याच कंपन्यांची आखूड, हलकी मॉडेल येतात. बारा वर्षांच्या पोराला "पुढे होईलच मोठा" म्हणून जड पिस्तूल देऊ नका, मनगट आणि खांदा दोन्ही बिघडतात.

६. ग्रिप: इथे वेळ घाला

पिस्तुलाच्या किमतीतला सगळ्यात छोटा भाग ग्रिपचा असतो, पण निकालावर सगळ्यात मोठा परिणाम त्याचाच होतो. ग्रिप लहान, मध्यम, मोठ्या मापात आणि उजव्या-डाव्या हातासाठी वेगळी येते. तपासायची रीत अशी.

रिकामं पिस्तूल हातात घ्या, अंगठा आणि तर्जनीमधला कोन ग्रिपमध्ये जितका वर जाईल तितका घाला. तळहाताखालचा लाकडी टेकू वर सरकवा, फक्त टेकेल इतका. रुतता कामा नये. आता डोळे मिटा, हात टार्गेटकडे उचला, श्वास सोडा आणि डोळे उघडा. पुढची साईट मागच्या खाचेच्या मधोमध दिसायला हवी. दर वेळी डावीकडे दिसत असेल तर ग्रिप तुमच्या मनगटाला चुकीच्या दिशेने वळवते आहे. दर वेळी खाली दिसत असेल तर ग्रिपचा कोन बदलावा लागेल. बऱ्याच पिस्तुलांत दोन-तीन स्क्रू सैल करून हा कोन फिरवता येतो.

पुढे बोट. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर यावा आणि बाकीचं बोट लाकडाला कुठेही लागू नये. बोट आणि ग्रिपच्या मधून व्हिजिटिंग कार्ड सरकतं का पाहा. लागत असेल तर प्रत्येक शॉटला बोट लाकडाला ढकलणार आणि साईट हलणार, तुमच्या लक्षातही येणार नाही.

ग्रिप थोडी मोठी वाटत असेल तर वूड पुटी लावून भरता येते, थोडी घट्ट असेल तर कानशीने घासता येते. घासायचं काम घाईने करू नका. रोज थोडं घासा, शॉट मारा, पुन्हा पाहा. काढलेलं लाकूड परत येत नाही. नियमही लक्षात ठेवा: ग्रिपने हाताला सगळीकडून वेढू नये आणि मनगट मोकळं राहायला हवं.

७. वापरलेलं घेताना

पहिलं पिस्तूल वापरलेलं घेणं शहाणपणाचं आहे. पुण्यात बालेवाडीला किंवा राज्य स्पर्धेच्या काळात बरीच पिस्तुलं हात बदलतात. पण हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका:

- सिलिंडरवर कोरलेली तारीख. सिलिंडरचं आयुष्य बनवल्यापासून १० वर्षं धरतात, त्यानंतर स्पर्धेत ते चालत नाही आणि वापरणंही धोक्याचं. स्वस्तात मिळणाऱ्या पिस्तुलाची मेख बहुतेक इथेच असते.
- गळती. संध्याकाळी हवा भरून मीटरचा काटा फोटोत घ्या, सकाळी परत पाहा. काटा खाली आला असेल तर सील गेलेलं आहे.
- वेगातला फरक. वेगमापक यंत्रावर दहा शॉट मारून आकडे लिहा. एकेक शॉट फार वेगळा येत असेल तर हवा मोजणारा भाग दुरुस्तीला आलाय.
- मूळ बिल आणि त्यावरचा क्रमांक. पिस्तुलावर कोरलेला क्रमांक बिलाशी जुळायलाच हवा. विकणाऱ्याकडून विक्रीचं पत्र सहीसकट लिहून घ्या.

पैसे द्यायच्या आधी प्रशिक्षकांच्या हातात पिस्तूल देऊन त्यांना शॉट मारायला लावा. विकणारा याला तयार नसेल तर विषय तिथेच संपवा.

८. एअर पिस्तुलाची कागदपत्रं

परवाना लागत नसला तरी कागद लागतात. दुकानदार फोटोसह ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो. बिल, क्लबचं ओळखपत्र आणि शक्य असेल तर क्लबचं पत्र, या तिन्हींच्या प्रती पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. रंकाळ्यावरून घरी येताना नाक्यावर पोलिसांनी पेटी उघडायला लावली तर बोलण्यापेक्षा कागद पुढे करा. उजळाईवाडीहून विमानाने जाणार असाल तर एअरलाइनला आधी कळवा, पेटी चेक-इनच्या सामानात द्या आणि सिलिंडर रिकामा करून वेगळा ठेवा.

एअर पिस्तूल गच्चीवर, शेतात, पाखरांवर चालवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि एअरगनलाही तो लागतो. राधानगरीच्या बाजूला राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

९. संरक्षणासाठी परवाना काढताना

आता दुसरी वाट. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. अर्ज ए-१ नमुन्यात करायचा. सोबत साधारण हे लागतं:

- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट फोटो
- जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा
- हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, एस-२ नमुन्यात
- शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, एस-३ नमुन्यात. त्यात अर्जदार कुठल्या नशेच्या आहारी नाही असा स्पष्ट उल्लेख लागतो.
- सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- हत्याराची गरज का आहे याचे पुरावे

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. "जिवाला धोका आहे" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्याने काही होत नाही. धमकी आली असेल तर पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत, रोकड न्यावी लागत असेल तर धंद्याचे आणि बँकेचे कागद, असं ठोस काही जोडा. अर्जानंतर पोलीस चौकशी होते. तुमच्या ठाण्याचे लोक घरी येतील, शेजाऱ्यांना विचारतील, जुने गुन्हे पाहतील. नियमांत पोलिसांना अहवालासाठी ३० दिवस दिलेत. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो, तो लेखी करा आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या. अर्ज नाकारला तर लेखी आदेश मागून घ्या, त्यावर अपील करता येतं.

"साहेबांना ओळखतो, पंधरा दिवसांत काढून देतो" म्हणणारा भेटेलच. त्याच्या हातात एक रुपयाही देऊ नका. बनावट परवान्यावर घेतलेलं हत्यार म्हणजे विनापरवाना हत्यार, आणि त्याला किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. गावठी कट्टा जवळ ठेवणाऱ्यालाही तेच कलम लागतं, वर तो स्वतःच्या हातात फुटायची भीती वेगळी.

घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर हत्यार असेल तर नवं घ्यायच्या आधी तिकडे पाहा. परवानाधारकाचं निधन झालं, त्यांचं वय ७० झालं किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, तर वारसाला आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. आणि गवे-रानडुकरांपासून उसाचं रक्षण हे कारण असेल तर पिस्तुलाच्या मागे लागू नका. पीकसंरक्षणाचा परवाना हा वेगळाच प्रकार आहे.

१०. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

नवख्यासाठी माझं उत्तर रिव्हॉल्व्हर, आणि त्यावर मी ठाम आहे. काडतूस उडालं नाही तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात मात्र स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, ओढून अडकलेलं काढावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला ते जमत नाही. रिव्हॉल्व्हर उघडलं की भरलंय की रिकामं ते एका नजरेत दिसतं. पिस्तुलाचं मॅगझीन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये राहू शकते. घरात होणाऱ्या अपघातांची ही जुनी वाट आहे.

सरकारी कारखान्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर सहा काडतुसांचं असतं. वरची कडी दाबून नळी खाली मोडली की रिकामी टोपणं बाहेर येतात. हलकं हवं असेल तर कानपूरचं निर्भीक आहे, २०१४ मध्ये आलेलं, साधारण अर्ध्या किलोचं. २०२३ मध्ये प्रबल आलं. स्लाइडवालंच हवं असेल तर ईशापूरचं अशनी आहे. हलकं हत्यार जवळ बाळगायला बरं, पण झटका जास्त देतं आणि सरावाला त्रास होतो. त्यामुळे सगळ्यात हलकं तेच चांगलं असं समजू नका.

दुकानात पाहताना ते खरंच रिकामं असल्याची खात्री स्वतः करा. मग हातोडी मागे ओढल्यावर चक्री घट्ट बसते का, बोटाने हलवली तर डगमगते का ते पाहा. ट्रिगर सगळ्या सहा घरांवर सारखाच जातो का, हे सावकाश सहा वेळा ओढून पाहा. बोट ट्रिगरपर्यंत सहज पोचतंय का? त्यासाठी हात फिरवावा लागत असेल तर ते हत्यार तुमच्या मापाचं नाही. क्रमांक बिलावर आणि परवान्यावर अक्षर न् अक्षर तपासून घ्या. एक आकडा चुकला तरी पुढे तुम्हालाच हेलपाटे पडतात.

११. बाळगणं आणि ठेवणं

सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं, असा नियमच आहे. शर्टाखालून दिसावं म्हणून मुद्दाम बाळगणारे स्वतःवर संकट ओढवून घेतात. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. जिल्ह्यापुरता असेल तर कागलच्या पुढे निपाणीला जाताना हत्यार घरी. वरातीत, विसर्जनात, वाढदिवसाला हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सोशल मीडियावर हत्यारासह फोटो टाकू नका, त्यावरून परवाना गेलेले आहेत.

घरी भिंतीला किंवा जमिनीला पक्की बसवलेली तिजोरी हवी. हत्यार एका कप्प्यात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि चावी मुलांना माहीत नसावी. उशीखाली आणि गाडीच्या डॅशबोर्डमध्ये कधीही नाही. निवडणूक लागली की हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना क्रमांक असलेली पावती घ्या आणि निवडणूक संपल्यावर परत आणायला स्वतः जा. परवाना आता पाच वर्षांचा असतो, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी टाका.

सराव चालू ठेवा. .३२ चा सराव अधिकृत रेंजवरच, कानांना संरक्षक आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून. रोजच्या हातासाठी एअर पिस्तूल आहेच.

१२. कोल्हापूरच्या पावसातली निगा

जून ते सप्टेंबर इथली हवा लाकडाला आणि लोखंडाला दोघांना त्रास देते. लाकडी ग्रिप फुगते आणि मे महिन्यात मापात बसलेली ग्रिप ऑगस्टमध्ये घट्ट वाटते. लगेच कानस उचलू नका, दिवाळीपर्यंत थांबा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरवड्याला बदला. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून तिजोरीत ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आतून गंज चढतो. सुती कपड्यावर तेलाचे दोन थेंब घेऊन बाहेरून पुसा, एअर पिस्तुलाच्या नळीत मात्र तेल सोडू नका. उन्हाळ्यात भरलेला सिलिंडर बंद गाडीत राहू देऊ नका. पिस्तूल महिनाभर वापरणार नसाल तरी सिलिंडरमध्ये थोडी हवा ठेवा, म्हणजे सील जागेवर बसलेलं राहतं.